प्रत्येक समाजाला एक घरचं भांडण द्या

टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एक पात्र घेऊन फाशांच्या मदतीने गोष्ट पुढे नेण्याच्या खेळांसाठी मी जगं रचते. माझ्या पहिल्या मोठ्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनेक बैठका चाललेल्या गोष्टीत, नदीवर राहणारा एक समाज होता, ओस्क. तराफ्यांवर घरं, ओंडक्यांचा व्यापार, लहानथोर सगळ्यांच्या गळ्यात शिंपल्यांची माळ. आणि सगळे चोर. वहीत मी तसंच लिहून ठेवलं होतं: ‘ओस्क. गोडबोले, हातचलाखीत पटाईत, विश्वास ठेवू नये.’ एका मैत्रिणीने हौसेने ओस्क पात्र घेतलं. चार सेशन झाल्यावर ती म्हणाली, मला पात्र बदलायचंय. का, असं विचारलं तर थोडा वेळ फासे हातात खेळवत बसली. मग म्हणाली, “माझी आई काय काम करते ते मला माहीत नाही. आमच्या घरात कशावरून वाद होतात ते माहीत नाही. तुझ्या जगात माझ्या लोकांकडे चोरीशिवाय दुसरं काहीच नाही. मग दर वेळी मी बोलू तरी काय?”

तिचं म्हणणं मला लागलं, कारण ते खरं होतं. मी जगात सात समाज घातले होते आणि सातही जण एकेका विशेषणावर उभे होते. नावं, कपडे, देव वेगळे, पण प्रत्येक समाज आतून एकसारखा, सपाट. बाहेरून बघणाऱ्याला रंगीबेरंगी वाटावं, पण आत राहणाऱ्याला बसायलाही जागा नाही, असं ते जग होतं.

त्यानंतरच्या अकरा वर्षांत निवेदक म्हणून टेबल चालवताना मी जी पद्धत बसवत आले, ती इथे सांगते. डन्जन्स अँड ड्रॅगन्स किंवा पाथफाइंडरसारखे छापील नियमांचे खेळ असोत की स्वतः रचलेले नियम असोत, ती कुठेही चालते. एल्फ, ड्वार्फ, ऑर्क अशी काल्पनिक कुळं असलेल्या जगात चालते आणि फक्त माणसं असलेल्या जगातही.

सुरुवात नकाशापासून नको, नाक्यापासून करा

जग रचायला बसलं की हात आपोआप नकाशाकडे जातो. डोंगर काढला की त्यात ड्वार्फ, जंगल काढलं की एल्फ, उरलेल्या ओसाड माळावर ऑर्क. एका तुकड्यात एक समाज आणि दोन तुकड्यांमध्ये ठळक रेघ. असा नकाशा समोर ठेवला की खेळाडू एवढंच विचारतात की रेघेपलीकडचे आपले शत्रू आहेत का.

म्हणून मी आधी एक नाका ठरवते. वेगवेगळ्या लोकांचं जिथे एकमेकांवाचून अडतं अशी जागा: बंदर, पूल, खिंडीच्या तोंडाशी असलेली सराई, खाणीखालचं गाव. माझ्या जगात ते एस्वार नावाचं शहर आहे, नदी समुद्राला मिळते तिथे. ओस्क वरून ओंडके आणतात, ऑर्कांचे काफिले मीठ आणतात, शहरातले ड्वार्फ दगडकाम करतात, बेटांवरची माणसं जहाजं चालवतात. कोणीही कोणाला हाकलून देऊ शकत नाही, कारण दुसऱ्याच दिवशी बाजार ठप्प होईल.

इथे खरा इतिहास फार कामाला येतो. मलाक्का बंदर 1511 मध्ये पोर्तुगीजांच्या हाती गेलं आणि त्यानंतर लवकरच तिथे राहिलेल्या तोमे पिरेस या पोर्तुगीजाने लिहून ठेवलं की या बंदरात 84 भाषा बोलल्या जातात. मला त्या आकड्यापेक्षा तिथली व्यवस्था जास्त आवडते. पोर्तुगीज येण्याआधी सुलतानाने तिथे चार शाहबंदर, म्हणजे बंदराचे अधिकारी, नेमलेले होते. गुजरातेतून येणाऱ्यांचा एक, बंगाल-पेगूकडच्यांचा एक, जावा आणि पूर्वेच्या बेटांचा एक, चीन-र्‍युक्यूकडच्यांचा एक. जहाज लागलं की आपापल्या शाहबंदराकडे जायचं. तो माल बघणार, गोदाम देणार, तंटा ऐकणार.

ही व्यवस्था तुमच्या खेळात आणून बघा. बंदरात चार अधिकारी आहेत आणि एका पहाटे असं जहाज येतं की ते चौघांपैकी कोणाच्याच वाटणीचं नाही. ते कोणाकडे जाईल? ज्याच्याकडे जाईल त्याला जकातीतला वाटा मिळेल, म्हणून चौघेही धावतील. किंवा जहाजात रोग असेल, मग चौघेही हात वर करतील. मी हे दोन्ही खेळवलं आहे, आणि दोन्ही वेळा खेळाडूंनी एकही तलवार न उपसता तीन तास घालवले.

नाका ठरला की त्याच्याबद्दल काही प्रश्नांची उत्तरं लिहा. बाजारात वजनं कोणाची चालतात? दोन समाजांतल्या माणसांचा तंटा झाला तर तो कोणासमोर जातो? कोणाच्या सणाला सगळी दुकानं बंद असतात आणि कोणाच्या सणाला फक्त त्यांची स्वतःची? आणि माझा सगळ्यात आवडता प्रश्न: सूर्य मावळल्यावर शहराच्या भिंतीआत कोणाला थांबता येत नाही? या शेवटच्या उत्तराने मला अख्खी कॅम्पेनं दिली आहेत.

घरचं भांडण

या पद्धतीचा कणा हाच आहे. दोन समाजांमधलं वैर सगळेच रचतात. एका समाजाच्या आतलं भांडण फार कमी जण रचतात, आणि समाज जिवंत होतो तो त्यानेच. ज्या लोकांमध्ये मतभेद नाहीत ते लोक नसतात, तो गणवेश असतो.

मैत्रिणीशी बोलणं झालं त्या आठवड्यात मी ओस्कांचं पान फाडलं आणि नव्याने बसले. नदीच्या वरच्या अंगाची जंगलं विरळ होत चालली आहेत, ओंडके कमी मिळतात. म्हणून निम्म्या ओस्कांनी एस्वारच्या काठावर गोदामं भाड्याने घेतली आणि हिवाळ्यात ते तिथेच निजू लागले. ओस्कांचा जुना नेम असा की निजायचं ते पाण्यावरच. आता प्रश्न असा, की जमिनीवर निजणारा ओस्क राहतो का?

पाण्यावरचे म्हणतात, एकदा जमिनीला पाठ टेकवली की शहराचा कर लागू होतो, शहराचा पहारेकरी दार ठोठावू शकतो, पोरांची नावं शहराच्या दप्तरात चढतात. आपले आजे-पणजे मोकळे राहिले, कारण ते तराफा सोडून कधी निजले नाहीत. जमिनीवरचे म्हणतात, दर हिवाळ्यात बर्फाच्या तुकड्यांनी तराफे फुटतात आणि पोरं बुडतात. ओंडके संपल्यावर काय पाणी विकायचं? दोघांचंही खरं आहे. मला अजून ठरवता आलेलं नाही की मी कोणाच्या बाजूची, आणि म्हणूनच हे भांडण टिकलं.

मग त्याला एक खूण दिली, डोळ्यांना दिसेल अशी. पाण्यावरचे माळ गळ्यात घालतात, जमिनीवरचे तीच माळ मनगटाला गुंडाळतात. हे बारीक वाटतं, पण टेबलावर त्याचं मोल फार. मी नुसतं म्हणते, “एक म्हातारी तुमच्याकडे येते, माळ मनगटावर आहे,” आणि खेळाडूंना ती कुठून आली, कोणाला भेटायचं टाळेल, रात्री कुठे परत जाईल हे सगळं समजतं.

ड्वार्फांचं भांडण वेगळ्या पोताचं आहे. एस्वारमधल्या ड्वार्फांची ही तिसरी पिढी. त्यांच्यातल्या बहुतेकांनी खाण पाहिलेलीच नाही. पण माणूस गेला की त्याची हाडं डोंगरात न्यायची रीत आहे, आणि त्या प्रवासाला घरातली दोन वर्षांची कमाई लागते. इथेच पुरायचं की न्यायचं? यात तट पडत नाहीत. एकाच घरात, एकाच पंगतीला बसून बाप आणि लेक वेगवेगळं बोलतात. ऑर्कांचं आणखी निराळं. मिठाचे सगळे करार त्यांच्यातले ‘स्मरते’ तोंडपाठ ठेवतात. करार म्हणजे म्हणून दाखवलेला शब्द, आणि स्मरत्याने चुकीचा शब्द उच्चारला तर त्याचं नाव जातं. शहराची कचेरी मात्र फक्त कागद मानते. तरुण ऑर्क म्हणतात, लिहायला शिकू या, नाहीतर दर खटल्यात हरू. स्मरते म्हणतात, कागद बदलता येतो, म्हणूनच त्यांना तो हवा आहे.

असं भांडण रचताना मी एकच कसोटी लावते: या भांडणामुळे कोणी उद्या सकाळी काही वेगळं करणार आहे का? ‘जुने विरुद्ध नवे’ हे भांडण नव्हे. ‘काहींना परंपरा हवी, काहींना बदल’ हेही नव्हे. त्यातून उद्या सकाळी कोण उठून काय करेल ते कळत नाही. ‘बाप मेला आहे, हाडं न्यायला बैलगाडी सांगायची की खड्डा खणायचा’ यातून कळतं. भांडणात एक बाजू शहाणी आणि दुसरी मूर्ख निघाली तर ते फाडून पुन्हा लिहा. खेळाडूंना घरात घुसून निवाडा करायचा मोह होतो, आणि एक बाजू मूर्ख असेल तर तो निवाडा फार स्वस्तात होतो.

किती समाजांसाठी हे करायचं? सुरुवातीला तीन पुरे. बाकीचे धूसर राहू द्या. खेळाडू ज्यांच्याकडे वळतील त्यांचं भांडण पुढच्या सेशनआधी लिहा.

शरीर एका ओळीत, घर दुसऱ्या ओळीत

आता नियमांकडे. 1974 मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्सचे पहिले नियम आले, तेव्हा ड्वार्फ फक्त लढवय्या होऊ शकत होता आणि सहाव्या पातळीला त्याची वाट संपत होती. 1981 च्या बेसिक संचात तर ‘एल्फ’ हाच पेशा होता. जन्माने तुम्ही काय आहात यावरून तुम्ही काय करणार ते ठरलेलं. स्वभावाचंही तसंच. 1977 च्या राक्षसांच्या पुस्तकात ऑर्क ‘नियमनिष्ठ दुष्ट’ होते आणि 2000 च्या तिसऱ्या आवृत्तीत ते बहुतांशी ‘बेबंद दुष्ट’ झाले. शिस्त आली नि गेली, दुष्टपणा तेवढा जागचा हलला नाही. त्यावरून मी शिकले की ही विशेषणं कुठल्या जगाच्या आत उगवलेली नसतात, ती वरून चिकटवलेली असतात.

नियम बदलायला वेळ लागला. जून 2020 मध्ये प्रकाशकांनी जाहीर केलं की ऑर्क आणि ड्रो (काळे एल्फ) यांना इतर लोकांइतकंच गुंतागुंतीचं रंगवू. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेल्या पुस्तकाने वंशावरून मिळणारे गुण हवे तिकडे वळवायची मुभा दिली. डिसेंबर 2022 मध्ये ‘रेस’ हा शब्दच सोडत असल्याचं त्यांनी सांगितलं आणि 2024 च्या खेळाडूंच्या पुस्तकात त्या जागी ‘स्पीशीज’ आलं. त्या पुस्तकात गुणांची वाढ पात्राच्या पूर्वायुष्यावरून मिळते, आणि ऑर्क इतरांसारखेच खेळायला घेता येतात. पाथफाइंडरने 2019 च्या दुसऱ्या आवृत्तीतच ‘अँसेस्ट्री’ हा शब्द घेतला होता.

मराठीत खेळवताना या शब्दाचं काय करायचं, हा प्रश्न मला बरीच वर्षं होता. प्राण्याची असते तशी ‘जात’ म्हणायला जीभ सोकावलेली असते, पण टेबलावर कोणाला “तुझी जात कोणती?” असं विचारायचं नाही, हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं. मी ‘कूळ’ म्हणते. शरीराचा वारसा असेल तर ‘कूळ’, वाढला त्या जागेचा असेल तर ‘घर’.

माझ्या कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राची माहिती लिहायच्या कागदावर, म्हणून तीन ओळी वेगळ्या असतात: कूळ, घर, काम. कुळात फक्त शरीर येतं. अंधारात दिसणं, उंची, आयुष्य, पाण्याखाली श्वास. घरात येते भाषा, वाढताना आपोआप आलेलं एखादं कौशल्य, आणि घरच्या भांडणात तुम्ही कुठे उभे आहात ते. उरलेलं सगळं कामातून. एका खेळाडूने ओस्कांनी वाढवलेली ऑर्क मुलगी केली. अंधारात दिसतं ते ऑर्क म्हणून, पोहणं आणि गाठी मारणं येतं ते ओस्क म्हणून. मिठाच्या काफिल्यातले ऑर्क तिच्याशी आपल्या भाषेत बोलू लागले आणि तिला एक शब्द कळेना, तो प्रसंग मी ठरवलेला नव्हता. तीन ओळी वेगळ्या होत्या म्हणून तो आपसूक घडला.

शरीरातला फरक खरा ठेवणार असाल तर तो घरापर्यंत न्या, अर्धवट सोडू नका. ड्वार्फांना अंधारात दिसतं ना? मग त्यांच्या पेठेत रस्त्यावर दिवे कशाला असतील? रात्री तिथून जाणाऱ्या माणसाला वाटतं, केवढं हे दारिद्र्य. ड्वार्फांना माणसांच्या पेठा बघून वाटतं, काय ही उधळपट्टी, आणि किती तो डोळ्यांना त्रास. 2014 च्या नियमांप्रमाणे एल्फ साडेसातशे वर्षं जगू शकतो. म्हणजे शहरात एक जण असा असेल ज्याने शंभर वर्षांपूर्वी पूल बांधायला कर्ज दिलं आणि तो अजून व्याज मागतो, ज्यांच्या पणजोबांनी सही केली त्यांच्याकडे. वैविध्य कानांच्या टोकात नसतं, असल्या व्याजात असतं.

‘कॉमन’ भाषेला जन्मगाव द्या

सगळ्यांना येणारी एक ‘कॉमन’ भाषा खेळ सोपा करते, म्हणून ती काढून टाकू नका. तिला फक्त इतिहास द्या. भूमध्य समुद्राच्या बंदरांत कित्येक शतकं ‘लिंग्वा फ्रांका’ नावाची मिसळलेली बोली चालत होती. शब्द बरेचसे इटालियन, स्पॅनिश वगैरे भाषांतले, त्यात अरबी, ग्रीक, तुर्की मिसळलेले, व्याकरण कातरून सोपं केलेलं. खलाशी, व्यापारी, कैदी तिच्यावर काम भागवत. ‘कॉमन’ अशीच धरा. तिच्यात भाव करता येतो, वाट विचारता येते, धमकी देता येते. सांत्वन करता येत नाही. माझ्या टेबलावर नियम आहे: ‘कॉमन’मधून कोणाचं मन वळवायचं असेल तर फासा जड जातो, त्या माणसाच्या घरच्या भाषेत बोललात तर हलका. दोन सेशनमध्ये खेळाडू भाषा शिकायला शिक्षक शोधू लागले.

नावांसाठी प्रत्येक समाजाला ध्वनीचा एक छोटा नियम पुरतो. ओस्कांची नावं स्वरावर संपतात, ड्वार्फांच्या नावात जोडाक्षर असतंच. शहरात जन्मलेल्या ड्वार्फ पोरांना दोन नावं: एक घरातलं, एक बाजारातलं. कोण कोणत्या नावाने हाक मारतं यावरून नातं कळतं.

मिश्र घरं

जिथे बाजार आहे तिथे लग्नं आहेत. हे विसरलं की जग खोटं वाटू लागतं. उत्तर इंग्लंडमध्ये साउथ शील्ड्स इथल्या रोमन किल्ल्याजवळ दुसऱ्या शतकातला एक थडग्याचा दगड सापडला. बारातेस नावाच्या माणसाने तो आपल्या बायकोसाठी, रेजिनासाठी उभारला. तो सीरियाच्या वाळवंटातल्या पाल्मायराचा, ती ब्रिटनमधल्या कातुवेलाउनी लोकांतली, आधी त्याची गुलाम, मग त्यानेच मुक्त केलेली. तीस वर्षांची होऊन गेली. दगडावर लॅटिन मजकूर आहे, त्यात चुका आहेत. त्याखाली पाल्मायराच्या लिपीत एक ओळ आहे, ती मात्र सफाईने कोरलेली: रेजिना, बारातेसची मुक्त केलेली, अरेरे. एका साम्राज्याच्या दोन टोकांची माणसं, आणि त्यांच्यात मालकीचंही नातं होतं आणि लग्नाचंही. कुठल्याही ‘अर्ध-एल्फ’ पात्राच्या मागे मला आता हा दगड दिसतो.

सिसिलीतल्या पालेर्मोमधला 1149 चा दगड आणखी पुढचा. राजाच्या सेवेतल्या एका पाद्र्याने आईसाठी तो केला. एकाच दगडावर लॅटिन, ग्रीक, अरबी आणि हिब्रू लिपीत लिहिलेली अरबी, आणि प्रत्येक मजकुरात साल आपापल्या कालगणनेचं. तुमच्या शहरात आज कोणतं साल आहे, हे किती जणांना विचारलं तर किती उत्तरं मिळतील? एवढं ठरवून ठेवा.

या दोन दगडांवरूनच मी एस्वारमध्ये एक ड्वार्फ पाथरवट आणला. कोणाचंही थडगं तो दोन लिप्यांत कोरतो आणि मजकूर ठरवताना घरच्यांची भांडणं ऐकतो. शहरातली सगळी मिश्र घरं त्याला ठाऊक. खेळाडूंना माहिती हवी असली की ते त्याच्याकडे जातात.

मिश्र कुळाचं पात्र कोणी घेतलं तर त्याला “तू अर्धा काय, अर्धा काय?” असं विचारून थांबू नका. विचारा, कोणाच्या अंगणात तू वाढलास, आणि कोणाचे नातेवाईक तुमच्या दारात येत नाहीत.

खऱ्या संस्कृतीतून उसनं घेताना

उसनं सगळेच घेतात, मीही वर मलाक्का घेतलं. पण कारण घ्यायचं, पोशाख घ्यायचा नाही. चार शाहबंदर का लागले, हे कारण आहे. ते शंभर वेगळ्या जगांत वेगळी रूपं घेईल. उलट एखाद्या खऱ्या समाजाची वेशभूषा, बोलण्याची लकब आणि त्याच्याबद्दलच्या अफवा उचलून नुसतं नाव बदललं, तर अफवाच जिवंत राहतात. 2016 मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या एका गाजलेल्या साहसात विस्तानी या काल्पनिक भटक्या लोकांचं चित्र असंच होतं. युरोपातल्या रोमा लोकांवर शतकानुशतकं लादलेले ठपके त्यात दिसतात, अशी टीका झाली आणि पुढे प्रकाशकांना मजकूर सुधारावा लागला. माझे नदीवरचे चोर त्याच घराण्यातले होते. मी रोमांचा विचार करून ते लिहिले नव्हते. पण ‘फिरते लोक म्हणजे चोर’ ही जोडी कुठून तरी माझ्या हातात आली होती आणि मी ती तपासली नाही.

म्हणून आता तपासते. समाजाचं वर्णन लिहून झालं की त्यातलं खोटं नाव खोडते आणि स्वतःला विचारते, हे वाचून कोणते खरे लोक डोळ्यांसमोर येतात? एकच नाव लगेच आलं तर मी परत बसते. दुसरं म्हणजे, एका समाजाला दोन-तीन वेगळ्या ठिकाणांची कारणं देते. माझ्या स्मरत्यांच्या मागे तोंडी कायदा सांभाळणाऱ्या अनेक समाजांची सावली आहे, कोणा एकाची नाही. आणि जर एखाद्या खऱ्या संस्कृतीवरच जग उभारायचं असेल, तर तिथल्या लोकांनी स्वतः लिहिलेले खेळ आधी वाचा. 2022 मध्ये आलेला ‘कायोटी अँड क्रो’ उत्तर अमेरिकेच्या मूळनिवासी लेखकांनी रचला आहे. त्यात वसाहतवाद कधी झालाच नाही अशा भविष्याची कल्पना आहे. बाहेरच्या माणसाला ती सुरुवात सुचली असती का, याचा विचार करा.

टेबलावर

सगळं रचून झालं तरी खरी कसोटी बोलताना लागते. निवेदक म्हणून तुम्ही जे म्हणता ते खेळाडूंसाठी सत्य असतं. मी “समोर एक हिंस्र दिसणारा ऑर्क उभा आहे” असं म्हणाले तर जगानेच निकाल दिला. “त्याला बघून पहारेकऱ्याने भाला तिरका धरला” असं म्हणाले तर तो पहारेकऱ्याचा पूर्वग्रह झाला, आणि खेळाडू त्याच्याशी भांडू शकतो. पूर्वग्रह नेहमी कोणाच्या तरी हातात द्या, हवेत सोडू नका. आणि त्याचा फायदा कोणाला होतो ते स्वतःला माहीत असू द्या. एस्वारमध्ये ऑर्कांना रात्री भिंतीआत थांबता येत नाही. का? भिंतीबाहेरच्या सराया ज्यांच्या आहेत तेच नगरसभेत बसतात.

खऱ्या लोकांची बोलण्याची धाटणी नक्कल करून पात्रं उभी करू नका. बोलण्याची सवय द्या. माझा स्मरता उत्तर देण्याआधी तुमचं शेवटचं वाक्य जसंच्या तसं परत म्हणतो. सगळं पात्र त्यात येतं.

कॅम्पेन सुरू होण्याआधीच्या बैठकीत विचारून घ्या की जगात पूर्वग्रह, गुलामी, हाकलपट्टी असलेली कोणाला चालेल आणि कोणाला नको. जो दिवसभर बाहेर हेच झेलतो त्याला संध्याकाळी खेळातही ते झेलायचं नसेल, तर ते त्याने समजावून सांगायची गरज पडू नये. मी टेबलावर एक्स-कार्ड ठेवते. जॉन स्टाव्रोपोलोसने 2013 च्या सुमाराला ते मांडलं. साध्या कागदावर फुली, कोणीही त्याला हात लावला की तो भाग तिथेच सोडून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही. माझ्याकडे ते फार क्वचित वापरलं जातं, पण ते समोर असतं म्हणून माणसं मोकळेपणाने खोल जातात.

आणि प्रत्येक सेशन संपलं की दहा मिनिटं राखून ठेवा. कोणत्या समाजाच्या भांडणात आज काय हललं, एवढंच विचारा आणि त्यांच्याच शब्दांत वहीत लिहा.

ती मैत्रीण पुन्हा ओस्क पात्र घेऊन आली. या वेळी तिच्या पात्राच्या आईचं काठावर गोदाम होतं आणि भाऊ तराफ्यावर. शेवटच्या सेशनला आई गेली. तिला पाण्यात सोडायचं की जमिनीत ठेवायचं, यावर टेबल चाळीस मिनिटं बोलत होतं. मी मध्ये एक शब्द बोलले नाही. शेवटी मैत्रीण म्हणाली, “मी आईच्या मनगटावरची माळ सोडते आणि मधून तोडते. अर्धी भावाला देते. अर्धी मी केसांत बांधते.” केसांत माळ बांधायचं माझ्या वहीत कुठेच नव्हतं. मी ओस्कांचं पान उघडलं आणि गळा, मनगट यांच्या खाली तिसरी खूण लिहून घेतली.